आजारी माणसाचे पैसे कोण भरणार?

ओबामाकेअर फसलं. सरकारने नको तिथे नाक खुपसलं, प्रीमियम भडकले, सवयीचे डॉक्टर सुटले, आणि राबून कमावणाऱ्याच्या खिशातून बाकीच्यांचा विमा भरला जाऊ लागला. तेव्हा आधी तो कायदा रद्द करा. बाजार मोकळा झाला की त्याहून चांगला आणि स्वस्त पर्याय आपोआप उभा राहील. आणि या प्रश्नावर भांडणारे दोन्ही पक्ष म्हणाल, तर एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

हे मत अमेरिकेतल्या मराठी घरांत, मंडळाच्या दिवाळीच्या जेवणावळीत, अगदी पुण्याहून येणाऱ्या फोनवरसुद्धा मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. ते बोलणारी माणसं शिकलेली आहेत. घराचं कर्ज घेताना व्याजाचा पाव टक्का सोडत नाहीत, मुलांच्या कॉलेजचा हिशेब दहा वर्षं आधी मांडतात. म्हणूनच या विषयावर ती हिशेब न मांडता बोलतात याचा मला संताप येतो. कारण या मताचं प्रत्येक वाक्य तपासता येतं, आणि तपासलं की त्यातलं जवळजवळ काहीच उरत नाही.

सगळी भिस्त ज्याच्यावर आहे त्या पर्यायापासूनच सुरुवात करू. ओबामाकेअर म्हणतात त्या आरोग्यविम्याच्या कायद्यावर अध्यक्ष बराक ओबामा यांची सही झाली २३ मार्च २०१० रोजी. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाने तो रद्द करून नवा आणण्याची घोषणा दिली. प्रतिनिधिगृहात हा कायदा संपूर्ण किंवा तुकड्यातुकड्याने मोडण्यासाठी ५० हून जास्त वेळा मतदान झालं. २०१३ च्या ऑक्टोबरात याच हट्टापायी केंद्र सरकारचं कामकाज १६ दिवस बंद पडलं. जानेवारी २०१६ मध्ये रद्द करण्याचं विधेयक दोन्ही सभागृहांतून पार होऊन ओबामांपर्यंत पोचलं आणि त्यांनी ते नाकारलं. मग २०१७ उजाडलं. व्हाइट हाउस, सिनेट, प्रतिनिधिगृह, तिन्ही रिपब्लिकन पक्षाच्या हातात. आता अडवणारं कोणी नव्हतं. सात वर्षं ज्याची ग्वाही दिली तो पर्याय टेबलावर ठेवायचा, एवढंच काम उरलं होतं.

काय झालं? मार्चमध्ये विधेयक मतदानाआधीच मागे घ्यावं लागलं, कारण स्वपक्षाचीच मतं जमेनात. ४ मे रोजी ते २१७ विरुद्ध २१३ मतांनी पार झालं आणि त्याच दिवशी व्हाइट हाउसच्या रोझ गार्डनमध्ये जल्लोष झाला. काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाने, ज्याला कुठल्याही पक्षाशी देणंघेणं नसतं, हिशेब मांडून सांगितलं की या विधेयकामुळे २०२६ पर्यंत आणखी २ कोटी ३० लाख माणसं विम्याबाहेर पडतील. पुढे खुद्द अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनीच त्याला निर्दय म्हटलं. सिनेटने काटछाट केलेली आवृत्ती मतदानाला घेतली २८ जुलैच्या पहाटे. मेंदूच्या कर्करोगाचं निदान जाहीर होऊन दहा दिवसही झाले नव्हते असे रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅककेन सभागृहात आले आणि त्यांनी अंगठा खाली केला. त्याच पक्षाच्या, मेनच्या सुसान कॉलिन्स आणि अलास्काच्या लिसा मुरकाउस्की आधीच विरोधात होत्या. ४९ विरुद्ध ५१. त्यानंतर सात वर्षांनी, सप्टेंबर २०२४ च्या जाहीर वादात ट्रम्प यांना विचारलं गेलं की तुमची योजना कुठे आहे. योजनेच्या संकल्पना आहेत, असं उत्तर मिळालं.

इतका काळ, इतकी हुशार माणसं, इतक्या अभ्यास संस्था आणि इतका पैसा हाताशी असताना हा पर्याय लिहून का होत नाही? मला वाटतं, या भांडणातला एकमेव महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि तो विचारायला कोणी तयार नाही. आळसाने लिहून होत नाही असं नव्हे. घोडं पेंड खातं ते साध्या गणितापाशी.

आजारी माणसाला विमा नाकारायचा नाही, असं एकदा ठरवलं की निरोगी माणूस म्हणतो, मग मी आजारी पडल्यावरच घेईन. त्यामुळे विमा घेणाऱ्यांत आजारीच जास्त उरतात, प्रीमियम वाढतो, तो वाढला की आणखी निरोगी माणसं बाहेर पडतात. हे टाळायचं तर निरोगी माणसाला आत ठेवावं लागतं, सक्तीने किंवा आमिषाने. आणि ज्याला प्रीमियम झेपतच नाही त्याला मदत द्यावी लागते. न्यूयॉर्क राज्याने १९९३ पासून पहिली अट लागू केली आणि बाकीच्या दोन सोडून दिल्या. विमा कोणालाही नाकारता येणार नाही, पण कोणी घेतलाच पाहिजे असंही नाही आणि मदतही नाही. स्वतःच्या पैशाने विमा घेणाऱ्यांचा तिथला बाजार सुकून गेला आणि प्रीमियम देशातल्या सर्वांत महागांत जाऊन बसले. २०१४ साली ओबामांचा कायदा पुरता लागू झाला तेव्हा त्याच न्यूयॉर्कमध्ये हे प्रीमियम निम्म्याच्या आसपास खाली आले.

म्हणजे तीन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत. यातली एक काढा, दुसरी कोसळते. आणि ही रचना डाव्यांनी शोधलेली नाही. प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे ही कल्पना १९८९ साली हेरिटेज फाउंडेशनने, म्हणजे उजव्यांच्याच विचारपीठाने, मांडली होती. २००६ साली मॅसॅच्युसेट्समध्ये ती अमलात आणली मिट रॉम्नी या रिपब्लिकन गव्हर्नरने. विमा कंपन्या खासगी, स्पर्धा खासगी, डॉक्टर खासगी, आणि वरून सरकारची मदत. बाजाराला धरून सगळ्यांना विमा देण्याचा मार्ग हाच होता आणि तो त्यांचाच होता. तो डेमोक्रॅटांनी उचलताच त्याला समाजवाद म्हणायचं ठरलं, आणि अंतिम मतदानात एकाही रिपब्लिकन सदस्याने त्याला मत दिलं नाही. स्वतःचाच पर्याय शत्रूचा ठरवल्यावर दुसरा आणणार कुठून?

इथे एक प्रतिप्रश्न हटकून येतो. २०१७ च्या अखेरीस काँग्रेसने विमा न घेणाऱ्याचा दंड शून्यावर आणला, २०१९ पासून तो बंद झाला, तरी बाजार कोसळला नाही. मग तुमचं गणित चुकलंच ना? नाही चुकलं. सक्ती गेली तरी मदत शिल्लक होती. मदत अशी आखलेली आहे की माणसाने उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा भरायचा आणि वरचं सरकारने. प्रीमियम कितीही वाढला तरी त्याच्या खिशाला तेवढी झळ लागत नाही, म्हणून निरोगी माणूस टिकून राहतो. बाजार तरला तो सरकारी पैशावर. ज्यांना तोही पैसा काढून घ्यायचा आहे त्यांनी या उदाहरणाचा आधार घेऊ नये.

आता 'बाजार मोकळा सोडा' याकडे वळू. बाजार मोकळा होता. २०१४ पर्यंत बहुतेक राज्यांत तो अगदी मोकळा होता, आणि तो कसा वागत होता याची नोंद आहे. ज्याला नोकरीतून विमा नाही अशा माणसाला अर्जासोबत आपल्या शरीराचा सगळा इतिहास द्यावा लागे. मधुमेह असेल तर नकार. कर्करोग होऊन गेला असेल तर नकार. बाई गरोदर असेल तर नकार. आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या कैसर फाउंडेशनने २०१६ साली अंदाज काढला की ६५ च्या आतल्या सुमारे ५ कोटी २० लाख प्रौढांना असा काही ना काही आजार आहे, की जुन्या नियमांनी त्यांना स्वतःच्या पैशाने घ्यायचा विमा मिळालाच नसता. म्हणजे दर चारांत एकाहून जास्त. भारतात ज्याने मेडिक्लेम घेतला आहे त्याला 'आधीपासूनचा आजार' म्हणजे काय हे सांगायला नको. फरक इतकाच की भारतात त्या आजारासाठी काही वर्षं थांबावं लागतं. इथे दारच बंद होतं. आणि आपल्या लोकांत, वजन फार नसतानाही, मधुमेह किती लवकर गाठतो हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. डॉक्टर दक्षिण आशियाई माणसाची तपासणी कमी वजनालाच सुरू करतात ते काही उगाच नाही. रद्द करा म्हणणाऱ्या माझ्या किती ओळखीच्यांना त्या जुन्या बाजाराने उभं केलं असतं?

बरं, विमा मिळालेल्यांचं तरी बरं होतं का? २००९ साली प्रतिनिधिगृहाच्या एका समितीने तीन मोठ्या कंपन्यांची चौकशी केली. पाच वर्षांत त्यांनी जवळपास २० हजार माणसांच्या पॉलिसी, माणूस आजारी पडल्यावर जुन्या अर्जातल्या चुका उकरून काढून, रद्द केल्या होत्या आणि त्यातून ३० कोटी डॉलर वाचवले होते. कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना विचारलं की जाणूनबुजून फसवणूक केलेली असेल तरच पॉलिसी रद्द करू असं वचन द्याल का. त्यांनी ते द्यायला नकार दिला. हा मोकळा बाजार. तो दुष्ट माणसं चालवत होती असं माझं म्हणणं नाही. आजारी गिऱ्हाईक टाळण्यातच जिथे नफा आहे तिथे कंपनी आजारी गिऱ्हाईक टाळणार, इतकं ते सरळ आहे. कायद्याने ती वाट बंद केली म्हणून ती थांबली.

दरवर्षी नोव्हेंबर आला की मी ओळखीच्या काही लोकांना विम्याचे अर्ज भरायला मदत करते. एकदा एक काका आले. नुकतेच ग्रीन कार्डावर मुलाकडे कायमचे राहायला आलेले, वय सत्तरीच्या अलीकडचं. काखेत प्लास्टिकची जाड फाइल. अँजिओप्लास्टीचं डिस्चार्ज कार्ड, साखरेचे जुने रिपोर्ट, पुण्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं तारखेनुसार लावलेलं. मी लॅपटॉपवर एकेक पान पुढे नेत होते. नाव, जन्मतारीख, पत्ता, घरात माणसं किती, उत्पन्न किती, तंबाखू खाता-ओढता का. काका हातात पहिला रिपोर्ट धरून बसलेले. शेवटचं पान आलं तशी त्यांनी विचारलं, "अगं, हे रिपोर्ट कुठे जोडायचे?" मी म्हटलं, "काका, कुठेच नाही. ते विचारतच नाहीत." त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी मला आधीची पानं परत उघडायला लावली, चष्मा पुसून स्वतः वाचली. मग रिपोर्ट पुन्हा फाइलमध्ये ठेवला आणि बराच वेळ फाइलचा बंद लावत बसले.

तो न विचारलेला प्रश्न हाच हा कायदा आहे. त्याला फसलेला म्हणायचं असेल तर आधी त्या काकांना सांगा की उद्यापासून तो प्रश्न पुन्हा विचारला जाईल.

आणि ज्येष्ठांची ही गोष्ट आपल्या लोकांनी तरी विसरू नये. नव्याने ग्रीन कार्ड मिळालेल्या आईवडिलांना, इथे नोकरी केलेली नसेल तर, पाच वर्षं मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, घेता येत नाही. २०१४ च्या आधी पासष्टीच्या पुढच्या, बीपी-साखर असलेल्या माणसाला बहुतेक ठिकाणी धड विमा कोणी विकत नसे. पर्यटकांसाठीची तुटपुंजी पॉलिसी घ्यायची आणि देवाला हात जोडायचे. आज त्यांना जो पूर्ण विमा मिळतो तो याच कायद्याने उभारलेल्या विमा बाजारात मिळतो. कायद्याला शिव्या घालणाऱ्या कित्येकांनी आपल्या आईला तिथूनच विमा घेऊन दिला आहे. २०२५ च्या जुलैत सही झालेल्या कायद्याने कमी उत्पन्नाच्या, पाच वर्षं न झालेल्या अशा स्थलांतरितांची मदत २०२६ पासून काढून घेतली. तेव्हा हे मत बाळगणाऱ्यांपैकी कितीजणांनी आपल्या खासदाराला फोन केला?

पण आमच्याकडे त्याचं उत्तर आहे, असं सांगितलं जातं. फार आजारी असलेल्यांची वेगळी सोय करू, म्हणजे बाकीच्यांचे प्रीमियम उतरतील. हीसुद्धा नवी कल्पना नाही. या कायद्याआधी ३५ राज्यांत अशा वेगळ्या योजना होत्या. २०११ साली त्या सगळ्यांत मिळून सुमारे सव्वादोन लाख माणसं होती. विमा नाकारला जाऊ शकेल अशी ५ कोटी माणसं असलेल्या देशात सव्वादोन लाख! पैसे पुरत नव्हते म्हणून प्रीमियम चढे, जुन्या आजारावरच्या उपचारासाठी महिनोन्‌महिने थांबावं लागे, काही ठिकाणी प्रतीक्षायादी. फ्लोरिडाने तर १९९१ पासून नवीन माणसं घेणंच बंद केलं होतं. २०१७ च्या विधेयकात मतं जमेनात म्हणून शेवटच्या क्षणी या कामासाठी पाच वर्षांचे ८ अब्ज डॉलर वाढवून दिले. सर्वांत आजारी माणसांना एकत्र करून वेगळं काढायचं आणि त्यांच्यासाठी दरवर्षी निधीची भीक मागायची, यात त्यांचा आवाज किती उरेल? ती तर मतदानालाही जेमतेम पोचणारी माणसं.

आणखी एक उत्तर ऐकू येतं, तेही सुशिक्षितांकडून: विमा नसला म्हणून अमेरिकेत कोणी रस्त्यावर मरत नाही, इमर्जन्सी रूम आहे. आहे. १९८६ साली अध्यक्ष रेगन यांच्या सहीने झालेल्या कायद्यानुसार तिथे आलेल्याला तपासावंच लागतं आणि त्याची प्रकृती स्थिर करावी लागते. स्थिर करावी लागते, एवढंच. रक्तातली साखर ६०० ला पोचून शुद्ध हरपली तर इमर्जन्सी रूम शुद्धीवर आणते. ती पुढच्या महिन्याचं इन्सुलिन देत नाही. गाठ फुटून रक्त वाहू लागलं तर ते थांबवते. केमोथेरपी देत नाही. आणि बिल मात्र पाठवते.

मग येतो तो खरा राग. माझ्या पैशाने दुसऱ्याचा विमा का? हा प्रश्न विचारणाऱ्याने आपल्या पगाराची चिठ्ठी एकदा नीट पाहावी. २०२४ साली नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी प्रीमियम वर्षाला २५,५७२ डॉलर होता. त्यातले साधारण ६,३०० डॉलर कर्मचारी भरत होता, बाकीचे कंपनी. कंपनी भरते ती रक्कम खरं तर पगारच आहे, पण तिच्यावर कर नाही. ही करमाफी दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून चालत आली आहे आणि तिच्यापायी सरकार दरवर्षी शेकडो अब्ज डॉलरच्या महसुलावर पाणी सोडतं. पगार जितका मोठा तितकी या माफीची किंमत जास्त. मोठ्या कंपनीतल्या इंजिनियरला मिळणारी ही मदत चिठ्ठीवर छापली जात नाही. टॅक्सी चालवणाऱ्याला मिळणारी मदत अर्जात ठळक दिसते. म्हणून पहिल्याने दुसऱ्याला फुकट्या म्हणायचं? दोघांच्याही विम्यात देशाचा पैसा आहे. एकाला तो मागावा लागतो.

आणि नोकरीतला विमा कायमचा आहे या भ्रमात आपले लोक किती दिवस राहणार? गेल्या काही वर्षांत तंत्रज्ञान कंपन्यांनी एका ईमेलवर हजारो माणसं काढली. नोकरी गेली की जुनाच विमा चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही स्वतः भरून, म्हणजे पगार बंद झालेल्या महिन्यात दोन हजार डॉलरच्या आसपास. पत्नीला थायरॉइड, मुलाला दमा, स्वतःला साखर असलेल्या माणसासाठी त्या दिवशी दुसरं दार कुठलं उघडं असतं? साठ दिवसांत याच बाजारात जाऊन विमा घेता येतो, आजाराचा एकही प्रश्न न विचारता. कालपर्यंत ज्याला तो फसलेला कायदा म्हणत होता, तोच.

प्रीमियम भडकले, हे खरं आहे. ते मी नाकारत नाही. मदतीच्या मर्यादेच्या जरा वर उत्पन्न असलेल्या, स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्या लोकांना २०१७-१८ च्या सुमारास त्याचा फार जाच झाला. आवडती पॉलिसी टिकेल हे ओबामांचं आश्वासन खोटं ठरलं आणि २०१३ साली अर्जाची वेबसाइट पहिल्याच दिवशी कोलमडली, हेही खरं. पण प्रीमियम जड होतो याची तक्रार असेल तर त्याचा इलाज सापडला होता. २०२१ साली मदत वाढवली गेली. उत्पन्नाची वरची मर्यादा उठली, आणि बाजारातल्या मानक योजनेसाठी कोणालाही उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांहून जास्त भरावं लागू नये असं ठरलं. बाजारातून विमा घेणारे वाढत वाढत २०२५ साली २ कोटी ४० लाखांवर गेले. तो छोटा धंदेवाला, ज्याच्या नावाने इतकी वर्षं गळा काढला गेला, त्याला पहिल्यांदा दिलासा मिळाला. मग ही वाढीव मदत पुढे चालू ठेवायची वेळ आली तेव्हा ती कोणी अडवली? १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस सरकारचं कामकाज बंद राहिलं, ते याच मदतीवरून. ३१ डिसेंबरला ती संपली. कैसरने आधीच हिशेब दिला होता की मदत घेणाऱ्यांना भरावा लागणारा सरासरी प्रीमियम वर्षाला ८८८ डॉलरवरून १,९०४ डॉलरवर जाईल. आणि एकट्या माणसाचं उत्पन्न ६२,६०० डॉलरच्या एक डॉलरही वर गेलं तर मदत पुरी बंद. प्रीमियम महाग म्हणून कायदा रद्द करा म्हणायचं, आणि प्रीमियम उतरवणारी तरतूद मरू द्यायची, या दोन गोष्टी एकाच तोंडाने कशा बोलता येतात?

त्या डिसेंबरात सिनेटमध्ये रिपब्लिकनांनी एक पर्याय खरंच मतदानाला आणला. कंपन्यांना पैसे देण्यापेक्षा थेट लोकांच्या आरोग्य खात्यात पैसे घाला, पन्नाशीच्या आतल्यांना वर्षाला १,००० डॉलर, त्यापुढच्यांना १,५००. सोबत घ्यायची ती सर्वांत हलकी पॉलिसी, जिच्यात माणसाने आधी स्वतःचे सात हजार डॉलरच्या आसपास खर्च केल्याशिवाय कंपनी फारसं काही देत नाही. निरोगी तरुणाला हे बरं वाटेल. पण स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालेल्या बावन्न वर्षांच्या बाईने १,५०० डॉलरचं काय करायचं? विमा म्हणजे हजार निरोगी माणसांचे पैसे एका आजाऱ्याकडे वळवणं. ते पैसे प्रत्येकाच्या खात्यात सारखे वाटून टाकले की आजाऱ्याच्या वाट्याला त्याचा स्वतःचा आजार तेवढा उरतो. ते विधेयक पडलं. पण निदान त्यातून मत उघड झालं.

आता थोडे अभ्यासूंचे आक्षेप. विम्याने माणसं जगतात हे सिद्ध कुठे झालंय, असं ते म्हणतात आणि ओरेगन राज्याचा दाखला देतात. २००८ साली तिथे मेडिकेड या गरिबांच्या सरकारी विम्यात जागा कमी म्हणून सोडत काढली गेली, आणि दोन वर्षांनी पाहता विमा मिळालेल्यांच्या रक्तदाबात, कोलेस्टेरॉलमध्ये, साखरेत ठळक फरक दिसला नाही. खरं आहे. पण त्याच अभ्यासात नैराश्य बरंच कमी झालेलं दिसलं आणि उपचारापायी कंगाल होणं जवळपास संपलेलं दिसलं, हे ते सांगत नाहीत. शिवाय मृत्यू मोजायला ती सोडत लहान पडली. मोठी चाचणी पुढे झाली, तीही जवळजवळ योगायोगाने. २०१७ च्या सुमारास अमेरिकेच्या कर खात्याने विम्याअभावी दंड भरलेल्या घरांना पत्र धाडलं: विमा घ्या, इथे मिळेल. अशी घरं ४५ लाख होती, पैसे पुरले ३९ लाख पत्रांपुरते. उरलेली घरं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वगळली गेली. गोल्डिन, ल्युरी आणि मॅककबिन या अभ्यासकांनी पुढची दोन वर्षं दोन्ही गट ताडून पाहिले. ४५ ते ६४ वयाच्या लोकांत दर १,६४८ पत्रांमागे एक मृत्यू कमी झाला होता. सरकारी लिफाफ्यातलं एक पत्र. ज्यांना ते गेलं नाही त्यांच्यातली काही माणसं केवळ टपालखर्च पुरला नाही म्हणून आज नाहीत. यानंतरही पुरावा कुठे आहे असं विचारायचं असेल तर किती मोठा पुरावा हवा ते सांगावं.

राहिलं ते 'दोन्ही पक्ष सारखेच'. हे बोलायला सर्वांत सोपं वाक्य, कारण ते बोलल्यावर काही तपासावं लागत नाही. २०१० साली दर सहा अमेरिकनांत एक विनाविमा होता. २०२३ पर्यंत ते प्रमाण साधारण बारात एकावर आलं. हे एका पक्षाने केलं आणि दुसऱ्याने प्रत्येक पायरीवर अडवलं. विरोधक कोर्टात गेले; २०१२, २०१५, २०२१, तीनदा सर्वोच्च न्यायालयाने कायदा राखला. गरिबांसाठीचं मेडिकेड वाढवण्याचा नव्वद टक्के खर्च केंद्र देतं, तरी टेक्सस आणि फ्लोरिडासह दहा राज्यांनी ते आजही घेतलेलं नाही. आणि हा लोकांचा कौल आहे असंही म्हणता येत नाही. आयडाहो, नेब्रास्का, युटा, ओक्लाहोमा, मिझुरी, साउथ डकोटा ही सगळी ट्रम्प यांना मत देणारी राज्यं. तिथे हा प्रश्न थेट मतपत्रिकेवर आला तेव्हा लोकांनी मेडिकेड वाढवण्याच्या बाजूने मत दिलं. भांडण मतदारांचं कमी आणि त्यांच्या नावाने बोलणाऱ्यांचं जास्त आहे.

२०१७ ने रिपब्लिकन पक्षाला एक धडा दिला: उघड रद्द करायला गेलं तर लोक खासदारांच्या सभा भरून विरोध करतात. म्हणून २०२५ च्या कायद्यात ओबामांचा कायदा रद्द करतो असं कुठेच म्हटलेलं नाही. २०२७ पासून वाढीव मेडिकेडमधून विमा मिळालेल्या बहुतेक प्रौढांनी महिन्याला ८० तास काम किंवा तत्सम काही केल्याचे कागद दाखवायचे. हा प्रयोग अर्कान्सासने २०१८ साली केला होता. काही महिन्यांत १८ हजारांवर माणसांचा विमा गेला, आणि रोजगार वाढल्याचं अभ्यासात आढळलं नाही. बहुतेक जण काम करत होते किंवा या अटीतून सवलतीस पात्र होते; गेले ते कागदांच्या चक्रात. अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे की २०२५ च्या कायद्याने २०३४ पर्यंत आणखी सुमारे १ कोटी माणसं विनाविमा होतील. याला सुधारणा म्हणतात, आणि आपले लोक मान डोलावतात.

आजारी माणसाचा खर्च निरोगी माणसाने, गरिबाचा श्रीमंताने, म्हाताऱ्याचा तरुणाने काही प्रमाणात उचलायचा की नाही, यावर खुशाल मतभेद असू द्या. उचलायचा नाही असं प्रामाणिकपणे वाटणारी माणसं आहेत, त्यांच्याशी मी वाद घालीन पण त्यांना खोटं म्हणणार नाही. मात्र उचलायचा नाही आणि तरी सगळ्यांना चांगला, स्वस्त विमा मिळेल, हे सांगणं फसवणूक आहे. पंधरा वर्षं टिकेल असा पर्याय आला नाही, कारण तो लिहिला की ही फसवणूक कागदावर दिसते. एकदा दिसलीच होती. मार्च २०१७ च्या विधेयकाचा हिशेब करताना अर्थसंकल्प कार्यालयाने एक उदाहरण दिलं. चौसष्ट वर्षांचा माणूस, वर्षाचं उत्पन्न २६,५०० डॉलर. ओबामांच्या कायद्याखाली त्याला प्रीमियमपोटी स्वतःच्या खिशातून १,७०० डॉलर भरावे लागले असते. पर्यायाखाली १४,६०० डॉलर. उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त. पुढच्या वेळी कोणी मला त्याहून चांगल्या पर्यायाबद्दल सांगेल तेव्हा त्याने त्या माणसाचा नवा आकडा सोबत आणावा, आणि बाकीचे पैसे कोण भरणार तेही त्याच कागदावर लिहून आणावं.